कव्हरवरचा कोरडा तलाव

२ मार्च, सोमवार

ही वही फिजिओबाईंनी दिली आहे. माझ्या बायकोने रोज किती पावलं टाकली आणि तिचा डावा हात किती वर गेला, एवढंच यात लिहायचं. आजची पावलं बावीस, काठी धरून. हात खांद्यापर्यंत. झालं लिहून. बाकीचं पान कोरं सोडलं तर मी पंपघरात जाऊन पान्याने कशावर तरी घाव घालीन, म्हणून पुढचं लिहितोय.

गेल्या ऑगस्टमध्ये हिला झटका आला. डावी बाजू गेली, मग थोडी परत आली आणि तिथेच अडून बसली. फिजिओबाई पहिल्या दिवसापासून एकच सांगतात, छातीएवढ्या पाण्यात चालवा, पाणी माणसाचं वजन उचलतं. पहिल्या वर्षात जे परत येईल ते येईल, पुढे सगळं अवघड होत जातं. म्हणजे या ऑगस्टपर्यंत. आणि मी कोण, तर शहराच्या जलतरण तलावाचा देखभाल प्रमुख. एकोणचाळीस वर्षं याच तलावावर, राहायला पंपघरामागच्या दोन खोल्या. बायकोला पाणी हवं आणि दारात पंचवीस मीटरचा तलाव. फक्त तो गळतीमुळे तीन वर्षं कोरडा आहे.

गळती मी काढली. पाइप बदलले, फिल्टरची वाळू बदलली, फुटलेल्या टाइल्स स्वतःच्या हाताने बसवल्या. पंधरा एप्रिलला पाणी सोडायचं ठरलं होतं. आणि आज ऑफिसचं पत्र येतं. 'सदर तलाव एका बँडच्या जगप्रसिद्ध रेकॉर्डच्या कव्हरवर रिकाम्या अवस्थेत दिसत असल्याने त्याच अवस्थेत त्याचे जतन व्हावे, अशी चाहता मंडळाची मागणी विचाराधीन आहे. निर्णय होईपर्यंत पाणी सोडू नये.'

तलाव रिकामा जतन करायचा! उद्या म्हणतील, दवाखाना बंद ठेवून जतन करा.

हिला पत्र वाचून दाखवलं. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "असू द्या हो. काही घाई नाही." माझ्यासाठी धीर धरतेय, दुसरं काय.

४ मार्च, बुधवार

पावलं तेवीस.

ते कव्हर मी लाखभर वेळा पाहिलंय, तरी लिहून ठेवतो. आमच्या रिकाम्या तलावाच्या तळाशी बँडचे चौघे लांब कोट घालून उभे आहेत, तोंडं चार दिशांना. मध्ये एक पडलेली खुर्ची. फोटो उडी मारायच्या फळीवरून घेतलेला. डाव्या कोपऱ्यात लाल बादली. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, नोकरीचा तिसरा महिना. शेवाळ घासायला तलाव उपसला होता. हे लोक आले, फोटो काढू का म्हणाले. तेव्हाचे आमचे मुकादम म्हणाले, काढा, पण तळ ओला आहे, घसराल. ते घसरले. म्हणून एकाने दुसऱ्याचा खांदा धरलाय. त्या खांद्यावरच्या हातावर, मैत्री या विषयाला धरून, एक आख्खा प्रबंध आहे म्हणे.

आज चाहता मंडळाचे अध्यक्ष आले. धंद्याने दातांचे डॉक्टर, वय बावन्न, मानेवर केसांचा बुचडा. दोन तास बसले. विचारलं, "त्या दिवशी तलाव रिकामा होता, त्यामागची कल्पना नेमकी कोणाची?"

"शेवाळाची," मी म्हणालो.

त्यांनी वहीत लिहिलं आणि मग खोडलं. "आणि ती लाल बादली?"

"माझी."

दारू प्यायलेल्या माणसाकडे बघून हसतात तसे ते हसले. बादलीचे आजवर सात अर्थ लागलेत, त्यात माझा नाही. मग तळाशी उतरले, गायक जिथे उभा होता तिथे जाऊन उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. पन्नाशीचा माणूस रडतोय आणि मी शेजारी झाडू घेऊन उभा. काय करायचं माणसाने?

हिने त्यांना चहा दिला. स्वतः, एका हाताने, अर्धा बशीत सांडत. मी देतो म्हटलं तर माझ्यावरच खेकसली.

११ मार्च, बुधवार

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते आज कळलं.

आमचे साहेब आणि दातांचे डॉक्टर मिळून पाहणीला आले. डॉक्टरांनी कव्हरचा दाराएवढा मोठा फोटो आणला होता. तो तळावर पसरून टाइल टाइल जुळवत गेले. गायकाच्या उजव्या बुटाखाली येऊन थांबले आणि पांढरे पडले.

"इथली भेग कुठे गेली?"

मी म्हणालो, "दुरुस्त केली." अभिमानाने म्हणालो. अकरा टाइल्स, एक सूतही इकडेतिकडे नाही. त्यावर गोटी ठेवली तर सरळ घरंगळेल.

"ती भेग," डॉक्टर म्हणाले, "गायकाच्या बुटापासून निघून बाकीच्या तिघांकडे जाते. पुढच्या वर्षी बँड फुटला. ती भेग म्हणजे त्या रेकॉर्डचा आत्मा आहे."

"ती भेग म्हणजे एका पोराच्या हातून पडलेला लोखंडी पाइप आहे," मी म्हणालो. पाइप माझ्याच हातून पडला होता, ते नाही सांगितलं. एकोणचाळीस वर्षं नाही सांगितलं, तर यांना कशाला सांगू?

साहेबांनी तिथल्या तिथे तोंडी हुकूम दिला, टाइल्स पूर्ववत फुटक्या करून द्याव्यात. मी म्हटलं, साहेब, लेखी द्या. मला वाटलं, असलं लेखी द्यायला लाजतील. दुपारी पत्र आलं, सही-शिक्क्यासकट.

पावलं एकवीस. मी ओरडत होतो म्हणून हिला चालवायला उशीर झाला.

१९ मार्च, गुरुवार

टाइल फोडायला मी हातोडा उचलला आणि खाली ठेवला. दोनदा. स्वतः बसवलेली टाइल फोडणं मला जमेना. तिसऱ्यांदा उचलला तर डॉक्टर धावत आले, म्हणाले, "हातोड्याने भेग कशीही जाईल हो!" मग त्यांनी दवाखान्यातून दात कोरायचं मशीन आणलं. लांब वायर लावून, गुडघ्याखाली उशी घेऊन, डोळ्याला भिंग लावून माणूस चार दिवस माझ्या टाइल्स कोरत बसला. कव्हर बघायचं, जरा कोरायचं, फुंकर मारायची. कडांना दाताचं सिमेंट भरून ते जुनं दिसावं म्हणून त्यावर चहाचं पाणी लावलं.

आज काम संपलं. खोटं कशाला बोलू, हुबेहूब माझी भेग आहे. मला क्षणभर तो पाइप पुन्हा हातातून सुटल्यासारखं झालं.

डॉक्टर खूश. म्हणाले, "आता पाण्याला आमची काही हरकत नाही, भाऊ. पाण्याखाली ती दिसत राहील." एवढा वेळ गेला पण गाडी रुळावर आली. हिला जाऊन सांगितलं. तिच्या हातातून चमचा पडला. डावा हात, पडायचाच.

२७ मार्च, शुक्रवार

पावलं मोजता आली नाहीत, कारण आमच्या बाईसाहेब जागेवर नव्हत्या.

साहेबांची सही व्हायची आहे, तोवर चाहत्यांना तलाव बघायला मोकळीक आहे. रोज पाच-सात जण येतात. तळाशी उतरतात, चौघांसारखे उभे राहतात, फोटो काढतात. आता नवीन ताप म्हणजे ही त्यांच्याबरोबर उतरते! उथळ बाजूच्या पायऱ्यांवरून, कोणा परक्या माणसाचा दंड धरून. त्यांना दाखवते, इथे तो उभा होता, इथे खुर्ची. ही तेव्हा मला ओळखतही नव्हती, पण सांगण्याचा थाट असा की जणू फोटो हिनेच काढला.

मी म्हटलं, "पडलीस म्हणजे? तिथे उतार आहे."

"माहीत आहे उतार आहे," ती म्हणाली. "तुम्ही शंभरदा सांगितलंय."

रजिस्टरात कर्मचाऱ्याच्या कुटुंबीयांनी तळात उतरण्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची, हाही प्रश्न आहेच. करतच नाही.

९ एप्रिल, गुरुवार

आज सही व्हायची होती. झाली नाही, कारण काल संध्याकाळी डॉक्टरांची नवी हरकत आली. खोल बाजूची शिडी कव्हरवरच्या शिडीपेक्षा वेगळी आहे. अगदी बरोबर आहे, जुनी शिडी गंजली म्हणून मीच बदलली. पण जुनी शिडी पंपघराच्या माळ्यावर पडून आहे, हेही त्या हरकतीत लिहिलंय. हे त्यांना कोणी सांगितलं? माळ्यावर मी सोडून कोणी जात नाही. ऑफिसच्या शिपायावर माझा संशय आहे.

गंजलेली शिडी घासून, वेल्डिंग करून परत लावायची. दोन आठवडे गेले.

पंधरा एप्रिल हुकणार हे सांगितल्यावर ही म्हणाली, "अरेरे." आणि भाजी निवडायला लागली. दोन्ही हातांनी. फिजिओबाईंना हे सांगायला हवं.

२४ एप्रिल, शुक्रवार

शिडी लागली. आज तिसरी हरकत. खोल बाजूच्या भिंतीवरचा निळा पट्टा कव्हरवर फिकट आहे, आता गडद दिसतो. बरोबर तीन वर्षांपूर्वी मी जो डबा वापरला त्या रंगाचा क्रमांकसुद्धा पत्रात आहे. तो डबा आमच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली आहे, त्यात आम्ही कोळसा ठेवतो! म्हणजे शिपाई आता घरात घुसायला लागला. मी हिला विचारलं, कोणी येऊन गेलं का. "कोण येणार?" म्हणाली. "डॉक्टर तेवढे चहाला आले होते."

माणसावर विश्वास ठेवावा तरी किती! चहा प्यायचा आमच्याकडे आणि खो घालायचा आम्हालाच. हिला सांगितलं, त्यांना परत चहा द्यायचा नाही. तर म्हणते, "ते भले माणूस आहेत. तुम्हाला माणसं ओळखता येत नाहीत."

फिजिओबाई आल्या होत्या. हिचा पाय बघून चकित झाल्या. म्हणाल्या, "घरी काय करताय तुम्ही?" मी म्हटलं, तुमचाच तक्ता, रोज माझ्या देखरेखीखाली. त्यांनी माझं कौतुक केलं.

१२ मे, मंगळवार

पट्टा फिकट केला. चौथी हरकत. रिकाम्या तलावात टाळी वाजवली की जो आवाज घुमतो तो रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यासारखा आहे, तर पाणी भरण्यापूर्वी तो वेगवेगळ्या हवामानात टिपून ठेवावा. वेगवेगळ्या हवामानात! म्हणजे वर्ष गेलं.

मी साहेबांच्या टेबलावर हात आपटून आलो. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा. ते म्हणाले, "अहो, परदेशातून पत्रं येतात या तलावासाठी. तुम्ही जरा समजून घ्या." मी म्हटलं, माझ्या बायकोचं वर्ष ऑगस्टमध्ये संपतं, ते कोणी समजून घ्यायचं? त्यांनी फाइल बंद केली.

घरी येऊन सगळं हिला सांगितलं. ही काहीतरी बोलणार होती. मग पाणी आणून दिलं. मला इतकं वाईट वाटलं की मी ते प्यायलोच नाही.

१८ मे, सोमवार

मुलीने हिच्यासाठी पोहण्याचा पोशाख पाठवलाय. तयारी आपली असावी, म्हणाली. हिने तो अंगाला लावून बघितला आणि म्हणाली, घट्ट होतो. मी मोठा मागवला. तो सैल होतो. मग म्हणे रंग भडक आहे. साठीला आलेल्या बाईने रंगावरून अडून बसायचं? शेवटी पोशाख कपाटात गेला, हिवाळ्याच्या गोधड्यांच्या खाली. मी म्हटलं, वर ठेव, हाताशी. "राहू दे," म्हणाली, "कसर लागेल."

२६ मे, मंगळवार

आज जे झालं ते धड लिहिता येईल की नाही, माहीत नाही.

चार दिवस माझी दाढ ठणकत होती. या शहरात दातांचे दवाखाने ढीगभर, पण आज सकाळी उघडा एकच, आमच्या डॉक्टरांचा. गेलो, नाक मुठीत धरून. त्यांनी खुर्चीत आडवं केलं, इंजेक्शन दिलं, तोंडात कापूस, नळी आणि एक चिमटा घातला. मग मशीन हातात घेऊन, सुरू न करता, स्टुलावर बसले.

"भाऊ, तुम्हाला आत्ता बोलता येणार नाही म्हणूनच सांगतो," डॉक्टर म्हणाले. "टाइल्सची हरकत माझी. पुढच्या तिन्ही वहिनींच्या. त्यांनी सांगायचं, मी लिहायचं."

मी म्हणालो, "अं?"

"शिडी, रंगाचा डबा, आवाज, सगळं त्यांचं. टाळीचं तर त्यांनाच सुचलं, मला आवडलं. वहिनींना पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून. तलाव भरला की तुम्ही त्यांना त्यात उतरवणार, याचा त्यांनी धसका घेतलाय. मी भेग कोरत होतो तेव्हा येऊन विचारलं, तुमची हरकत आणखी किती दिवस पुरेल?"

"अं अं अं!"

"दुखतंय?" त्यांनी विचारलं आणि आणखी एक इंजेक्शन दिलं. "मला हे पुढे जमणार नाही. ऑगस्टचं मलाही कळतं. आणि खरं सांगायचं तर हरकत घेण्यासारखं तलावात आता काही उरलेलं नाही. मी उद्या सगळ्या हरकती मागे घेतोय. पण आधी तुम्ही घरी बोला."

मग त्यांनी दाढ भरली. उत्तम भरली, हेही लिहितो.

तरातरा घरी आलो. दारातूनच ओरडायला तोंड उघडलं, तर अर्धा जबडा बधिर. जीभ जागेवर नाही, शब्द एकाही बाजूने धड निघेना. "छत्तीस वर्षं" म्हणायला गेलो तर भलतंच काहीतरी बाहेर आलं आणि लाळ हनुवटीवर. ही काठी न घेता उठली, पदराने माझं तोंड पुसलं आणि खुर्चीत बसवलं.

"बोलू नका," म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं ना? मला वाटलंच." मग थोड्या वेळाने म्हणाली, "असंच होत होतं मला. सगळं डोक्यात तयार आणि तोंडातून येत नाही. आणि समोरचा माणूस आपला मोठ्यामोठ्याने बोलतोय."

मी समोरचा माणूस. मला इतका राग आला होता, आणि तो कुठे न्यावा तेच कळेना.

२७ मे, बुधवार

जीभ परत आली. भांडण केलं.

"छत्तीस वर्षांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"विषय निघाला नाही."

"मी तलावावर नोकरी करतो!"

"तेच ना," ती म्हणाली. "तुम्ही मला बघायला आलात तेव्हा तासभर पाण्याबद्दल बोलत होतात. किती खोल, किती स्वच्छ, तळाची टाइल कशी दिसते. तुमचा चेहरा असा झाला होता की मला म्हणवेना. मग राहूनच गेलं."

मी विचारलं, बुडाली होतीस का लहानपणी, कोणी ढकललं होतं का. "काही नाही हो," म्हणाली. "कारण असायलाच हवं का? नुसती भीती वाटते. अंघोळीला बादली ठीक आहे. त्याच्या पुढे नको."

"मग बरी कशी होणार आहेस तू?"

ती खिडकीतून तलावाकडे बघत बसली. मी तीन महिने टेबलं आपटली, शिड्या घासल्या, माझ्या टाइल्स फोडून घेतल्या, ते कोणासाठी? मला तिचा राग आला, डॉक्टरांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला, आणि जेवण गेलं नाही.

३० मे, शनिवार

बोललो नाही. फक्त 'मीठ' म्हणालो, दोनदा.

२ जून, मंगळवार

पंपघराच्या झरोक्यातून बघत होतो. बघत होतो म्हणजे फिल्टरचं काम करत होतो, तिथून दिसतं.

ही तळात उतरली. पायऱ्यांवर एका चाहत्याचा दंड धरला, खाली पोचल्यावर सोडला. काठी वरच राहिली होती. उथळ भाग पन्नास फूट लांब, त्याला हळूहळू उतार. त्याच्या पुढे तळ एकदम खोल जातो. ती त्या कडेपर्यंत गेली, वळली, परत आली, असं दोनदा. डावा पाय जरा ओढत, पण टाच टेकवत. मी मोजली. एकशे चाळीस पावलं, मध्ये एकदाही न थांबता, आणि तोंड अखंड चालू. घरात मी समोर उभा राहून "ये, ये, अजून एक" म्हणतो तेव्हा पंचविसाच्या पुढे जात नाही. उताराचा परिणाम असावा. फिजिओबाईंना विचारायला हवं.

साहेबांचा फोन आला. हरकती मागे घेतल्या गेल्या, सही झाली. वीस जूनला उद्घाटन. "तीन दिवसांत भरतो म्हणाला होतात, आता दाखवा भरून." तीन महिने ज्या फोनची वाट बघितली तो आला आणि मी "बरं" म्हणून ठेवला.

रात्री जेवताना सांगितलं. ही म्हणाली, "भरा. पोरं तीन वर्षं वाट बघतायत. मी कुठे नको म्हणतेय?" पण तिने हातातला घास ताटात ठेवला.

६ जून, शनिवार

सकाळी मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. तीन वर्षांनी पाइपात पाणी बोललं. मी एकटाच होतो आणि मला रडू आलं. डॉक्टर तळात रडले तेव्हा मी मनातल्या मनात उगाच हसलो.

तलाव भरताना पाणी आधी खोल बाजूच्या खड्ड्यात साठतं. संध्याकाळपर्यंत तो खड्डा भरला आणि पाणी उथळ भागाच्या कडेला आलं. आता ते उतारावरून वर चढायला लागणार. असंच सोडलं तर उद्या सकाळी हिची चालायची सगळी जागा पाण्याखाली जाईल.

ही खिडकीत उभी होती. गज धरले होते, उजव्या हाताने घट्ट आणि डाव्या हातानेही घट्ट.

मी पंपघरात गेलो. बराच वेळ व्हॉल्व्हवर हात ठेवून उभा राहिलो. मग आवळत नेला, अगदी बोटाएवढी धार उरेपर्यंत. हिशोब केला. या धारेने दिवसाला एक इंच पाणी चढेल. उतारावर त्याची कड रोज पावणेतीन फूट पुढे सरकेल. शेवटच्या पायरीपर्यंत यायला अठरा दिवस. छातीपर्यंत यायला त्यानंतरही महिना-दीड महिना, ते तेव्हा बघू. क्लोरीन रोज हाताने टाकावं लागेल. टाकीन.

मग तलावाचं रजिस्टर उघडलं. एकोणचाळीस वर्षांत त्यात मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. लिहिलं, 'मुख्य व्हॉल्व्हमध्ये बिघाड. पाणी कमी दाबाने येत आहे.' अक्षर जरा वाकडं आलं.

८ जून, सोमवार

हिला सांगितलं, रोज एक इंच. तिने आधी ऐकलंच नाही असं केलं. मग विचारलं, "इंच म्हणजे किती?" मी बोट दाखवलं. तिने माझं बोट धरून पेर मोजून बघितलं.

आज पायऱ्या उतरली आणि तिथेच थांबली. पाण्याची कड चाळीसेक फुटांवर होती. "हलतंय," म्हणाली आणि परत वर. मी क्लोरीन टाकायला गेलो. बोलायला खूप होतं.

साहेबांचे तीन फोन. बिघाड कसला, मेकॅनिक पाठवू का. मी म्हटलं, जुना व्हॉल्व्ह आहे, माझ्याशिवाय कोणाला कळणार नाही. ते म्हणाले, वीस तारखेला काय सांगू लोकांना? मी म्हटलं, सांगा, वारसा आहे, घाई करून चालत नाही. फोन आपटला त्यांनी.

१३ जून, शनिवार

आज पायऱ्यांजवळ मला म्हणाली, "तुम्ही इथेच थांबा. पुढे जाऊन ये-ये करू नका."

थांबलो. सोपं नव्हतं. डॉक्टर आले होते, तेही माझ्याशेजारी उभे राहिले. कड आता तीस फुटांवर आली आहे. ती दहा पावलं गेली, थांबली. परत सहा. मागे वळून बघितलं, मी आहे ना ते. मी हलवायला हात वर केला आणि खाली घेतला. मग एकदम चार-पाच पावलं, काठी नाही, कोणाचा दंड नाही, आणि कडेपाशी उभी राहिली. पाणी तिच्या चपलेपासून वीतभर होतं. तिने चप्पल काढली. डाव्या पायाची, जो महिनोन् महिने तिला आपला वाटत नव्हता. तो पाय पुढे केला, मागे घेतला. परत पुढे केला. आणि बोटं पाण्यात टेकवली.

"गार आहे!" ती ओरडली. पूर्ण तलावात घुमलं.

"कळतंय का तुला, गार आहे ते?" मी पायऱ्यांजवळूनच ओरडलो. "डाव्या पायाला?"

तिने पायाकडे बघितलं. पाण्यात बोटं हलवली. "कळतंय की," म्हणाली, हळू, पण मला ऐकू आलं. डॉक्टरांनी माझा हात धरला होता, तो मी सोडवला नाही.

मग ती वळली आणि तिथूनच विचारलं, "उद्या किती येणार?"

"एक इंच."

"अर्धा करा."

मी पंपघरात जाऊन व्हॉल्व्ह आणखी आवळला. रजिस्टरात लिहिलं, 'बिघाड वाढला आहे. दुरुस्तीस वेळ लागेल.'